मध्यरात्रीचे टपाल : फिडोनेटचा पत्रमार्ग आणि घरातला नोड

वाशीतल्या घराच्या पत्त्याखाली ४००७०३ हे सहा आकडे लिहिले, की पत्र पाठवणाऱ्याचे काम संपते. पहिला ४ पाहून पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या विभागात येते, पुढचे दोन आकडे त्याला वर्गवारीच्या जिल्ह्यापर्यंत नेतात आणि शेवटचे तीन टपाल कचेरीपर्यंत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. लिहिणाऱ्याला ठिकाण ठाऊक असावे, वाट ठाऊक असण्याची गरज नाही, हे या पद्धतीचे तत्त्व. त्यानंतर तेरा वर्षांनी अमेरिकेतील हौशी संगणकप्रेमींनी आपल्या टेलिफोनी जाळ्यासाठी जी पत्ता-पद्धती स्वीकारली, ती तत्त्वतः हीच होती. त्या जाळ्याचे नाव फिडोनेट. ते आजही चालू आहे, आणि नवी मुंबईतल्या घरातून त्यात सामील होण्यासाठी एखादा जुना संगणक, साधी इंटरनेट जोडणी आणि चार-दोन फायली नीट लिहिण्याचा संयम एवढेच भांडवल पुरते. त्यातली एक फाईल मात्र फार विचाराने लिहावी लागते. कोणाचे पत्र कोणामार्फत पाठवायचे, हे तीत ठरते.

बुलेटिन बोर्ड, अर्थात बीबीएस, म्हणजे संगणकावरचा सूचनाफलक. एखादा हौशी माणूस आपल्या घरच्या संगणकाला मोडेम जोडी आणि टेलिफोन क्रमांक जाहीर करी. लोक आपल्या मोडेमने तो क्रमांक फिरवत, फलकावरचे निरोप वाचत, उत्तरे लिहीत, फायली उतरवून घेत आणि फोन ठेवत. एका वेळी एकच माणूस, कारण फोन एकच. फलकाच्या चालकाला सिसॉप म्हणत. प्रत्येक फलक म्हणजे एक बेटच होते.

१९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी या बेटांना जोडणारी युक्ती काढली. दिवसभर साठलेली परगावची पत्रे रात्री, दर स्वस्त असताना, एका फलकाने दुसऱ्याला स्वतःहून फोन करून पोचवायची. पहिला नोड त्यांचा स्वतःचा, दुसरा बाल्टिमोरच्या जॉन मॅडिल यांचा. सुरुवातीला प्रत्येक फलकाला एकच क्रमांक असे आणि प्रत्येक जण प्रत्येकाला थेट फोन करी. फलकांची संख्या शेकड्यात गेली तेव्हा हा खटाटोप परवडेना. एकाच शहरातल्या दहा फलकांना दहा ट्रंक कॉल करण्यापेक्षा एकाच फलकाला सगळी पत्रे द्यावीत आणि त्याने ती स्थानिक कॉलने वाटावीत, हा विचार पुढे आला. १९८५ च्या जूनमध्ये त्यासाठी जाळे आणि नोड असा दुहेरी पत्ता लागू झाला. पुढे त्याआधी खंडवार विभागाचा आकडा जोडला गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर या जाळ्यात तीस हजारांहून अधिक नोड होते.

भारतातला अध्याय

भारतात त्या काळी संगणकावरून पत्र पाठवण्याची सोय होती ती संशोधन संस्थांत. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’चे मुंबईतले एक ठाणे म्हणजे जुहूची ‘एनसीएसटी’. या संस्थेचे २००३ मध्ये ‘सी-डॅक’मध्ये विलीनीकरण झाले, खारघर स्थानकासमोरून जाणाऱ्या नवी मुंबईकरांच्या ओळखीचे सी-डॅकचे केंद्र हा तिचाच वारसा. मात्र विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेबाहेरच्या माणसाला ‘अर्नेट’चे दार बंद होते. ती पोकळी सूचनाफलकांनी भरली. बेळगावात अभियांत्रिकी शिकलेले अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचा बंगळुरूचा ‘सिक्स’, मुंबईचा ‘लाइव्ह वायर’ ही नावे त्या पिढीतल्या संगणकप्रेमींच्या आजही ओठांवर आहेत. स्वयंसेवी संस्थांनाही फिडोची पद्धत सोयीची वाटली, कारण ती वाईट टेलिफोन लाइनवरही निभावून नेत असे. लंडनच्या ‘ग्रीननेट’ने फिडोनेट आणि इंटरनेट यांना जोडणारे दार चालवले आणि आफ्रिका व दक्षिण आशियातल्या अनेक संस्थांची पत्रे त्यातून ये-जा करू लागली.

आशियाचा विभाग क्रमांक होता ६. त्याचा ‘टपाल तास’ जागतिक वेळेनुसार २० ते २१, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड ते अडीच. या तासात प्रत्येक नोडने फोन मोकळा ठेवायचा, एरवीच्या सभासदांना त्या वेळी प्रवेश नाही, असा दंडक होता. रात्री उशिरा एसटीडीला पाव दर लागत असे, तेव्हा हा तास खिशालाही सोसणारा होता. अर्थात घरच्यांची झोप हा वेगळा मुद्दा. यादीत एखादा टेलिफोन क्रमांक चुकून छापला गेला, तर भलत्याच घरी रात्री दोन वाजता घंटी वाजे आणि फोन उचलणाऱ्याला नुसती किंचाळी ऐकू येई.

या हौसेवर खरा घाव घातला तो परवान्याने. १९९४ च्या सुमारास दूरसंचार खात्याने सूचनाफलकांनाही माहितीसेवेच्या परवान्याच्या कक्षेत आणले आणि वर्षाकाठी किमान १५ लाख रुपयांचे शुल्क पुढे केले. घरातल्या एका संगणकावर, पदरमोड करून, कोणाकडून एक पैसाही न घेता चालणाऱ्या फलकाला ही रक्कम म्हणजे थट्टाच होती. त्याविरुद्ध ‘फोरम फॉर राइट्स टू इलेक्ट्रॉनिक एक्स्प्रेशन’ या मंचाने आवाज उठवला. हौशी फलक हा धंदा नाही, ही साधी गोष्ट तेव्हा कायद्याच्या भाषेत बसत नव्हती. टेलिफोनसंबंधीचा मूळ कायदा होता १८८५ सालचा. वाद निकाली निघण्याआधीच परिस्थिती बदलली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढच्या काही वर्षांत फलकांवरची वर्दळ तिकडे वळली. आशियातले नोड इतके रोडावले, की २००७ च्या जुलैमध्ये विभाग ६ बरखास्त करून उरलेले नोड विभाग ३ मध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पंक्तीत बसवण्यात आले. आज भारतातून नोड सुरू करणाऱ्याने पत्ता मागायचा तो याच विभागाकडे.

पत्ता, यादी आणि तीन कामगार

फिडोनेटचा पत्ता असा दिसतो : ३:९९९/७०. हा काल्पनिक आहे. ३ हा विभाग, ९९९ हे जाळे, ७० हा नोड. याखाली एखाद्याच्या घरचा संगणक फक्त स्वतःच्या पत्रांसाठी जोडलेला असेल, तर तो ‘पॉइंट’. त्याचा आकडा टिंब देऊन शेवटी लिहितात, ३:९९९/७०.१. पॉइंटचे नाव जागतिक यादीत नसते, त्याच्या वागणुकीची हमी त्याचा नोड घेतो. नवख्याने आधी कोणाचा तरी पॉइंट व्हावे, हा जाणत्यांचा सल्ला योग्यच आहे. नोड झाल्यावर केलेली चूक दुसऱ्यांना भोगावी लागते.

यादी म्हणजे ‘नोडलिस्ट’. ती दर शुक्रवारी निघते आणि तिच्या नावाला वर्षातल्या त्या दिवसाचा क्रमांक जोडलेला असतो. पूर्वी तिच्यात टेलिफोन क्रमांकाला महत्त्व होते. आता बहुतेक नोंदींत इंटरनेटवरचा पत्ता असतो आणि ‘आयबीएन’ ही खूण असते. या खुणेचा अर्थ, हा नोड ‘बिंकपी’ या पद्धतीने इंटरनेटवरून टपाल घेतो.

घरातल्या संगणकावर तीन कामे वेगवेगळे प्रोग्राम करतात. पहिला ‘मेलर’, म्हणजे थैल्या घेऊन धावणारा हरकारा. त्याला थैलीत काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. जुन्या काळी ‘फ्रंटडोअर’, ‘बिंकलेटर्म’ हे मेलर मोडेमवर चालत. आज ‘बिंकडी’ हा सर्वाधिक वापरला जातो आणि तो २४५५४ या पोर्टवर वाट पाहतो. दुसरा ‘टॉसर’, म्हणजे रेल्वे टपाल सेवेच्या डब्यातला वर्गवारी करणारा कर्मचारी. तो थैली फोडतो, आपली पत्रे आपल्या कप्प्यात ठेवतो, दुसऱ्यांची पुन्हा थैलीत बांधतो. ‘हस्की’ संचातला ‘एचपीटी’ हा त्यातला नावाजलेला. तिसरा ‘एडिटर’, ज्यात माणूस पत्र वाचतो आणि लिहितो. ‘गोल्डेड’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. ‘मिस्टिक’ किंवा ‘सिंक्रोनेट’ घेतले तर फलकासह सगळे एकत्र मिळते आणि पुष्कळशी मांडणी पडद्यावरच्या तक्त्यांतून करता येते. तरीही आत चालणारे व्यवहार हेच असतात, म्हणून ते माहीत असलेले बरे.

मेलर आणि टॉसर यांचे एकमेकांशी बोलणे होते ते केवळ फायलींच्या नावांतून, आणि बहुतेक घोटाळे येथेच होतात. ३:९९९/७० साठीची थैली ज्या फाईलमध्ये नोंदवली जाते, तिचे नाव पत्त्याच्या षोडशमान आकड्यांवरून बनते. ९९९ चे षोडशमान रूप ०३ई७ आणि ७० चे ००४६, म्हणून नाव होते ०३ई७००४६. पुढे येणारा विस्तार थैलीची निकड सांगतो : ‘एफएलओ’ असेल तर साधी, ‘सीएलओ’ असेल तर तातडीची, ‘एचएलओ’ असेल तर राखून ठेवलेली. राखून ठेवलेली थैली आपण पोचवत नाही. समोरचा येऊन घेऊन जातो. दुसऱ्या विभागांतल्या पत्त्यांसाठी वेगळी निर्देशिका असते आणि तिच्या नावाला विभागाचा आकडा जोडतात. एक प्रोग्राम एखाद्या पत्त्यावर काम करीत असताना त्या नावाची ‘बीएसवाय’ विस्ताराची फाईल तयार करतो. ती दिसेपर्यंत दुसऱ्याने थैलीला हात लावायचा नाही. वीज अचानक गेली तर ही फाईल तशीच पडून राहते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्या नोडचे टपाल काही केल्या हलत नाही. कारण कळत नसेल तेव्हा आधी हे पाहावे. दोन्ही प्रोग्रामच्या मांडणीत बाहेर जाणाऱ्या टपालाची निर्देशिका अक्षरशः एकच आहे ना, हेही.

गुपित शब्द दोन असतात. हरकाऱ्यांची गाठ पडते तेव्हा विचारला जातो तो एक, आणि थैलीच्या शिरोभागात लिहिलेला असतो तो दुसरा. दुसऱ्याला जागा आठच अक्षरांची आहे, हे विसरून लांबलचक शब्द ठरवला तर थैल्या बाजूला टाकल्या जातात.

मार्गाची फाईल

फिडोनेटवर दोन प्रकारचे टपाल असते. ‘नेटमेल’ हे एकाचे दुसऱ्याला पत्र. ‘इकोमेल’ ही सार्वजनिक चर्चा. ती १९८६ च्या सुमारास डलासच्या जेफ रश यांच्या प्रोग्राममुळे सुरू झाली. इकोमेलचा मार्ग तुलनेने सरळ आहे. ज्या चर्चेची ज्या शेजाऱ्याने मागणी केली त्याला तिची प्रत द्यायची, एवढेच. प्रत्येक निरोपाच्या तळाशी तो कोणकोणत्या नोडने पाहिला याची ‘सीन-बाय’ ओळ असते, आणि तिच्यात ज्याचे नाव आहे त्याला तो पुन्हा पाठवला जात नाही. एकच चर्चा दोन वरच्या नोडकडून मागवण्याचा मोह मात्र टाळावा. झाडाच्या फांद्यांचे वर्तुळ झाले की त्याच निरोपाच्या प्रती फिरू लागतात आणि त्रास सगळ्या जाळ्याला होतो.

नेटमेलचे तसे नाही. पत्र पनवेलहून पर्थला जायचे, तर मधे कोण? याचे उत्तर मार्गाच्या फाईलमध्ये असते. एचपीटीमध्ये अशी प्रत्येक ओळ ‘रूट’ या शब्दाने सुरू होते. त्यापुढे थैलीची निकड, मग जिच्या हाती द्यायचे त्या नोडचा पत्ता आणि शेवटी ज्यांची पत्रे तिच्या हाती द्यायची त्या पत्त्यांचा नमुना. नमुन्यात तारांकन चालते. ३:९९९/* म्हणजे ९९९ जाळ्यातले सगळे. ‘नोरूट’ असे लिहिले तर ते पत्र मध्यस्थाविना थेट जाते.

छोट्या नोडला तीनच ओळी पुरतात. आपल्या पॉइंटांची पत्रे राखून ठेवावीत. ज्यांच्याशी थेट संबंध जुळवला आहे अशा एक-दोन नोडांची थेट पाठवावीत. उरलेले जग, म्हणजे निव्वळ तारांकन, आपल्या वरच्या नोडच्या हाती द्यावे. पण क्रमाला अर्थ आहे. काही प्रोग्राममध्ये लागू पडणारी पहिली ओळ प्रमाण मानली जाते, काहींत नंतरची ओळ आधीचीवर मात करते. तारांकनाची ओळ चुकीच्या टोकाला पडली तर आपल्याच घरातल्या पॉइंटचे पत्र परदेशी जाऊन परत येते. माहितीपुस्तिकेत हे एक वाक्य शोधून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चुकीचा परिणाम कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून कळेल. नेरूळच्या नोडने उरलेले सगळे टपाल ठाण्याकडे द्यायचे ठरवले. ठाण्याच्या नोडने नवी मुंबईच्या जाळ्याचे सगळे टपाल नेरूळकडे द्यायचे ठरवले. दोन्ही ओळी सुट्या पाहिल्या तर बरोबर आहेत. आता पनवेलचा एक नोड बंद पडून यादीतून गेला आणि त्याच्या नावाचे पत्र आले. नेरूळला तो सापडत नाही, म्हणून पत्र ठाण्याला. ठाण्याच्या मते ते नवी मुंबईचे, म्हणून नेरूळला. पत्रावर दर मुक्कामी ‘व्हाया’ची एक ओळ चढते, जशी पाकिटावर टपाल कचेऱ्यांच्या शिक्क्यांची भर पडावी. चार दिवसांनी कोणीतरी ते उघडून पाहिले, तर पत्र दोन ओळींचे आणि शिक्के दोनशे. मोडेमच्या दिवसांत यातला प्रत्येक फेरा कोणाच्या तरी टेलिफोन बिलात उतरत असे, आणि ते बिल पत्र लिहिणाऱ्याचे नसे.

त्यामुळेच फिडोनेटच्या १९८९ च्या नियमावलीत मार्गाविषयी तंत्रापेक्षा शिष्टाचार अधिक आहे. ज्याने दुसऱ्याचे टपाल नेण्याचे कबूल केलेले नाही, त्याच्यावर ते लादता येत नाही. जाळ्याच्या समन्वयकाने बाहेरून आलेले टपाल आपल्या नोडांना द्यावे लागते. बाहेर जाणारे स्वीकारणे मात्र त्याच्यावर बंधनकारक नाही. यादीत एखादे नाव दिसते म्हणून त्याच्यामार्फत मार्ग आखणे हा आगंतुकपणाच ठरतो. आधी पत्र लिहून विचारावे, होकार आल्यावर ओळ लिहावी. इंटरनेटमुळे बिलाचा प्रश्न संपला. परवानगीचा संपलेला नाही.

दुसरी बाब गोपनीयतेची. मधला प्रत्येक चालक वाटेतले पत्र वाचू शकतो, कारण ते उघडेच असते. नियमावली त्याला ते फोडून इतरांना सांगण्यास मनाई करते, आणि सांकेतिक लिपीत लिहिलेले पत्र वाटेतल्या नोडांच्या संमतीविना पाठवण्यासही. म्हणजे आपला वरचा नोड निवडणे, हे आपला पोस्टमन निवडण्यासारखे आहे. खासगी मजकुरासाठी हे जाळे नाही, हे सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे.

मार्ग बरोबर आहे का, हे तपासण्याची सोय आहे. यादीत ज्या नोडपुढे ‘पिंग’ ही खूण असते, त्या पत्त्यावर ‘पिंग’ याच नावाने पत्र पाठवले, की तेथील यंत्र आपोआप उत्तर देते आणि त्यात आपल्या पत्रावरचे सगळे शिक्के उतरवून देते. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी असू शकते, दोन्ही पाहाव्यात. वरच्या नोडच्या ‘एरियाफिक्स’ला पत्र पाठवून चर्चांची यादी मागवणे ही दुसरी परीक्षा. ती यादी घरी आली, तर हरकारा, वर्गवारी आणि गुपित शब्द तिन्ही जागेवर आहेत असे समजावे.

पायमोडक्या अक्षराची गोष्ट

मराठी माणसाला या मांडणीत आणखी एक अडचण येते आणि तिचा उल्लेख इंग्रजी माहितीपुस्तिकांत सापडण्याची शक्यता कमी. १९९० च्या दशकात फलकांवर मराठी लिहिली जाई ती रोमन लिपीतच. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड आणि १९९१ मध्ये भारतीय मानक झालेली ‘इस्की’ संकेतप्रणाली होती खरी, परंतु लिहिणारा आणि वाचणारा या दोघांकडेही ते कार्ड असल्याविना अक्षरे दिसणार नाहीत, मग उपयोग काय? आता युनिकोड आहे. निरोपात ‘सीएचआरएस’ या ओळीत ‘यूटीएफ-८’ असे नोंदवले, की वाचणाऱ्याच्या प्रोग्रामला लिपी कळते. मात्र वाटेत दोन खड्डे आहेत.

पहिला जागेचा. फिडोनेटच्या थैलीत पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाला ३६ बाइट, विषयाला ७२ बाइट, आणि त्यातला शेवटचा बाइट रिकामा ठेवावा लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. काना, मात्रा, अनुस्वार यांचेही प्रत्येकी तीन. ‘ज्ञानेश्वर’ या नावाला तीस बाइट लागतात. आडनावासाठी उरतात पाच, म्हणजे एक मोकळी जागा आणि एक अक्षर. विषयाची ओळ तेवीस चिन्हांत आटपावी लागते. मधेच तुटलेले अक्षर चौकोन होऊन बसते. तेव्हा नाव रोमनमध्ये, विषय अगदी थोडक्यात आणि मजकूर देवनागरीत, ही तडजोड व्यवहार्य ठरते.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे. फिडोनेटच्या मूळ तांत्रिक मानकात १४१ हा बाइट ‘मृदू ओळखंड’ म्हणून धरला आहे. लिहिणाऱ्याच्या यंत्राने ओळ आपोआप मोडली त्याची ती खूण, आणि ती दुर्लक्षित करावी असे सांगितले आहे. इंग्रजीला याने काही बाधत नाही. रशियन लोकांना बाधले. त्यांच्या तेव्हाच्या संकेतप्रणालीत ‘न’चा उच्चार असलेले मोठे अक्षर नेमके १४१ वर होते, जुने प्रोग्राम ते गिळून टाकत. रशियनांनी त्या जागी दिसायला हुबेहूब असलेले रोमन अक्षर वापरायला सुरुवात केली आणि वेळ निभावली. इस्कीतली देवनागरी १६१ पासून पुढे असल्याने ती या तडाख्यातून सुटली असती. युनिकोडची देवनागरी सुटत नाही. पाय मोडण्याचे जे चिन्ह, म्हणजे हलन्त, त्याचे यूटीएफ-८ मधले तीन बाइट आहेत २२४, १६५ आणि १४१. वाटेतल्या एखाद्या जुन्या प्रोग्रामने १४१ गाळला, तर मजकुरातले एकूण एक जोडाक्षर फुटते. ‘विद्या’त एक जागा, ‘स्वातंत्र्य’ या शब्दात तीन जागा. बाकीची अक्षरे मात्र शाबूत राहतात, आणि म्हणूनच चालकाला वाटते की टंकात काही दोष आहे. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅ’ ध्वनीसाठी पूर्वी वापरले जाणारे स्वतंत्र अक्षर ‘ऍ’ याचाही शेवटचा बाइट १४१च आहे.

दोष दूर करणे नेहमी आपल्या हाती नसते. आपल्या एडिटरमध्ये मृदू ओळखंड गाळण्याचा पर्याय असेल तो बंद करावा. गोल्डेडमध्ये त्यासाठी वेगळी सूचना आहे. आपला टॉसर मजकुराला हात लावत नाही ना, हे पाहावे. परंतु गाळण्याचे काम मधल्या तिसऱ्याच नोडवर होत असेल, तर उपाय एकच : मार्ग बदलणे. जोडाक्षरांनी भरलेला एक परिच्छेद दूरच्या ओळखीच्या नोडला पाठवून तो तसाच परत मागवावा, आणि जेथे तो फुटतो तेथून वाट वळवावी. वरचा नोड निवडताना तो किती जवळ आहे यापेक्षा मजकूर जसाच्या तसा पुढे देतो का, हा प्रश्न मराठीसाठी महत्त्वाचा ठरतो.

घरातली जागा

महापे, ऐरोली, रबाळे या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांमुळे आणि पनवेलला २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘योट्टा’च्या अवाढव्य केंद्रामुळे नवी मुंबईची ओळख आता माहितीच्या कोठारांचे शहर अशी होऊ लागली आहे. त्याच शहरातल्या फ्लॅटमध्ये फिडोनेटचा नोड चालतो तो रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर, आणि तरीही एक अडथळा मोठ्या कोठारांना नसलेला येथे भेटतो. घरगुती जोडणी देणाऱ्या अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. त्यामुळे बाहेरच्या नोडला आपल्या २४५५४ पोर्टपर्यंत पोचताच येत नाही. जादा पैसे देऊन स्वतंत्र पत्ता घेता येतो. आयपीव्ही-६ मिळत असेल तर बिंकडीला ते चालते. दोन्ही नसेल तर आपणच दर अर्ध्या तासाला वरच्या नोडकडे जाऊन राखून ठेवलेली थैली आणावी. वेळापत्रकात तशी एक ओळ पुरते. पॉइंटसाठी ही व्यवस्था सर्वस्वी पुरेशी आहे. नोडसाठी मात्र आपल्या समन्वयकाला आधी तशी कल्पना द्यावी. ज्याला सरावासाठी सौम्य अंगण हवे, त्याने न्यूझीलंडमधून चालणाऱ्या ‘एफएसएक्सनेट’कडे पाहावे. ते फिडोनेटच्याच पद्धतीवर चालते, विभाग क्रमांक २१ वापरते आणि नवख्यांच्या चुका पोटात घालते.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना नोड बंद करायचा असेल, तर निघण्यापूर्वी समन्वयकाला नेटमेल पाठवून यादीत आपल्या नावापुढे ‘होल्ड’ असा शेरा घालून घ्यावा. शेरा यादीत उतरायला पुढचा शुक्रवार उजाडावा लागतो, म्हणून हे पत्र आठवडाभर आधी जावे. मग वरचे नोड आपले टपाल आपल्याकडे राखून ठेवतात. आपल्या पॉइंटांनाही कळवावे. त्यांना दुसरी वाट नसते.